तंबाखूवरील कर : एक जुना हिशेब

गळीत हंगाम संपला की आमच्या बीड जिल्ह्यातील वाड्या-वस्त्या पुन्हा गजबजतात. दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे गेलेली माणसे चैत्र-वैशाखात परत येतात. कुलपे निघतात, चुली पेटतात आणि आमच्या लहानशा देवळातील मागचे बाकही भरू लागतात. अशाच एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या अंगणात आम्ही एक छोटी सभा भरवली होती. दवाखान्यात सेवा करणाऱ्या सिस्टरांनी तोंडाच्या कर्करोगाविषयी चार शब्द सांगितले. नंतर आम्ही एक निवेदन वाचून दाखवले. सिगारेट, विडी, जर्दा, मशेरीची तंबाखू या साऱ्यांवरील कर सरकारने वाढवावा, अशी त्यात विनंती होती. सह्या-अंगठे घ्यायचे होते.

मागच्या बाजूला बसलेले एक वयस्क गृहस्थ उठले. तीस वर्षे ऊस तोडून त्यांच्या हाताची बोटे सरळ होत नाहीत. ते म्हणाले, "फादर, शेठच्या शिगरेटीवर काय लावायचा तो कर लावा. आमच्या चिमटीवर कशाला? पहाटं तीनला थंडीत फडात उतरायचं, तर त्या चिमटीबिगर हात चालत न्हाई. आन् सरकारनं घेतलेला पैसा आमच्याकडं कवा परत आला?"

कुणी हसले नाही. आम्हालाही उत्तर सुचले नाही. निवेदन तसेच घडी घालून आम्ही खिशात ठेवले आणि घरी येऊन जुनी पुस्तके उघडली. त्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न नवा नाही, चारशे वर्षांचा आहे, हे त्यातून कळले. जे वाचले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

प्रारंभ आमच्याच परिसरापासून करता येतो. बीड जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखली आहे आणि त्याच गोदावरीच्या काठी पैठण आहे. १६०४ साली विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कन्या मोठ्या लव्याजम्यासह पैठणला आणण्यात आली आणि तेथे तिचा विवाह अकबराचा पुत्र दानियाल याच्याशी लागला. 'तारीख'कार फिरिश्ता त्या लव्याजम्यात होता. याच राजकारणाच्या निमित्ताने अकबराचा एक सेवक, असद बेग, विजापूरला गेला होता. त्याला तेथे एक नवी वस्तू दिसली. पोर्तुगीजांनी समुद्रमार्गे आणलेली तंबाखू विजापुरात रुळली होती, उत्तरेत मात्र तिचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. असद बेगाने एक सुंदर रत्नजडित चिलीम करवून घेतली आणि इतर नजराण्यांबरोबर ती आग्र्यास नेऊन बादशहापुढे ठेवली.

पुढचा प्रसंग असद बेगाने स्वतःच लिहून ठेवला आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. अकबराने कुतूहलाने दोन-तीन झुरके घेतले. राजवैद्य अस्वस्थ झाला. या औषधीचा आमच्या ग्रंथांत उल्लेख नाही, न पारखलेली वस्तू बादशहाने घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. असद बेगाने उलट सांगितले की, परदेशातील जाणत्यांनी जे स्वीकारले ते केवळ आपल्या पोथीत नाही म्हणून नाकारू नये. शेवटी बादशहाने एका धर्मगुरूला बोलावले. धर्मगुरूने तंबाखूचे पुष्कळ गुण गायिले. तो धर्मगुरू कोणत्या धर्माचा, हे सांगण्याचा मोह आम्ही टाळतो. वैद्य अखेरपर्यंत बधला नाही. अकबराने ती सवय स्वतःला लावून घेतली नाही, परंतु सरदारांनी चिलमी मागवल्या, व्यापाऱ्यांनी माल आणला आणि प्रथा पसरली. जहांगिराने १६१७ साली तंबाखू ओढण्यास बंदी केली. ती कागदावरच राहिली.

योगायोग असा की, १६०४ या वर्षीच इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूविरुद्ध एक जळजळीत पुस्तिका प्रसिद्ध केली आणि तेवढ्यावर न थांबता आयात तंबाखूवरील कर पौंडामागे दोन पेन्सांवरून सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेला. बारा पेन्सांचा एक शिलिंग, म्हणजे वाढ एक्केचाळीस पटींची झाली. तंबाखू थांबवण्यासाठी कर हे हत्यार वापरण्याचे हे बहुधा सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. चोरटा व्यापार बोकाळला आणि थोड्याच वर्षांत कर पुष्कळ खाली आणावा लागला. त्यानंतर व्हर्जिनियाच्या वसाहतीत तंबाखूचे पीक फोफावले, बोटी भरभरून माल येऊ लागला आणि ज्या राजाने या धुराची तुलना नरकाच्या धुराशी केली होती त्याच राजाने कारकिर्दीच्या अखेरीस तंबाखूच्या व्यापाराची मक्तेदारी स्वतःकडे घेतली. राजाचे मत बदलले नव्हते, त्याचा खजिना बदलला होता.

इतरांविषयी लिहिताना आपल्या घरचे झाकून ठेवणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही. पोप आठवे अर्बन यांनी १६४२ साली स्पेनमधील सेव्हिल धर्मप्रांतातील मंदिरांत तंबाखू घेणाऱ्यांना ख्रिस्तसभेबाहेर काढण्याची ताकीद दिली. तेथे धर्मगुरूसुद्धा वेदीजवळ तपकीर ओढू लागले होते. दहावे इनोसंट यांनी १६५० साली रोममधील संत पेत्राच्या महामंदिरासाठी तशीच आज्ञा काढली. पुढे तेरावे बेनेडिक्ट यांनी १७२५ साली ती बंधने उठवली. आणि १८६३ साली, पोप नववे पायस यांच्या काळात, रोमच्या त्रास्तेव्हेरे भागात पोपमहोदयांच्या राज्याचा तंबाखूचा भव्य कारखाना उभा राहिला. त्या इमारतीच्या दर्शनी भागावर पोपमहोदयांचे नाव आजही कोरलेले आहे. ज्या चौकात ती आहे त्याला त्यांच्या मास्ताई या घराण्याचे नाव आहे. तेव्हाच्या पोपराज्याला पैशाची निकड होती, हे खरे. परंतु निकड जेम्सलाही होती. व्हॅटिकनमध्ये कर्मचाऱ्यांना सवलतीच्या दरात सिगारेटी मिळत, ती विक्री २०१८ पासून बंद करण्याचा निर्णय पोप फ्रान्सिस यांनी घेतला. माणसांच्या प्राणांवर उठणारा नफा योग्य ठरू शकत नाही, असे त्या वेळी सांगण्यात आले. १८६३ पासून २०१८ पर्यंतचे अंतर दीडशे वर्षांहून अधिक आहे, हे आम्ही नम्रपणे नोंदवतो.

(जाता जाता एक कबुली. सेमिनरीत असताना एका वृद्ध फादरांच्या डबीतील तपकीर आम्हीही चोरून ओढली आहे. लॅटिनच्या तासाला आलेल्या शिंकांनी आम्हाला पकडून दिले. तेव्हापासून तिचा नाद नाही.)

आता आमच्या मुलखाकडे वळू. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या सरहद्दीवर 'करोडगिरी'ची नाकी असत. १८०२ साली इंग्रजांशी झालेल्या व्यापारी तहाने जकातीचा दर शेकडा पाच ठरला होता आणि तो दीर्घकाळ मालाच्या किमतीवर आकारला जाई. त्या हिशेबात तंबाखूला कापड किंवा भांड्यांपेक्षा वेगळे स्थान नव्हते. शेजारच्या अहमदनगर-सोलापूरकडे, इंग्रजी मुलखात, कर आला तो युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धाचा खर्च भागेना तेव्हा अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन यांनी १९४३ च्या अर्थसंकल्पात तंबाखूवर प्रथमच मध्यवर्ती अबकारी कर बसवला. पुढच्याच वर्षी तो मिठाबरोबर एकाच कायद्यात गोवला गेला. त्यामागे आरोग्याचा विचार नव्हता. तोफांना दारूगोळा हवा होता आणि तंबाखू सोडणे लोकांना जमत नाही, हे सरकारला ठाऊक होते.

१ एप्रिल १९५० रोजी हैदराबादचे आर्थिक विलीनीकरण झाले आणि हा कर बीडपर्यंत पोहोचला. तो कर कसा वसूल होई, हे आजच्या पिढीला नवलाचे वाटेल. तो कारखान्यावर नव्हता, पानावर होता. ज्या शेतकऱ्याने तंबाखू लावली त्याने लागवडीचे क्षेत्र अबकारी खात्याला कळवायचे. पाने खुडून वाळवली की वजन व्हायचे. कर भरेपर्यंत माल सरकारी देखरेखीच्या बंधित गोदामात पडून राहायचा आणि एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचा तर परवाना लागायचा. त्यातही पान कशासाठी वापरणार यावर दर अवलंबून असे. सिगारेटीचा एक दर, विडीचा दुसरा, हुक्क्याचा आणि चघळण्याचा तिसरा. वाळलेल्या पानाकडे पाहून ते उद्या विडीत जाणार की कुणाच्या चंचीत, हे अधिकाऱ्याने ओळखायचे. अशा कायद्यात वाद आणि लाच यांना केवढी जागा राहते, ते सांगायला नको. खेड्यात अबकारीचा शिपाई दिसला की लोक दार लोटून घेत.

मात्र या जाचाच्या पद्धतीत एक गोष्ट होती, जी नंतर हरवली. पान कुठेही जावो, शेतातून निघतानाच ते मोजले जाई. सावकाराच्या सिगारेटीतील पान आणि मजुराच्या चिमटीतील पान एकाच तराजूत बसत.

१९७९ साली हे बदलले. चौधरी चरणसिंग तेव्हा अर्थमंत्री होते. शेतकऱ्याच्या मागचा ससेमिरा थांबावा म्हणून त्यांनी कच्च्या तंबाखूवरील अबकारी कर पूर्णपणे उठवला आणि त्याचा भार तयार मालावर, म्हणजे सिगारेट-विडीवर सरकवला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय न्याय्य होता, हे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो. त्याचे फळ मात्र अपेक्षेप्रमाणे आले नाही. कर गेला म्हणजे भाव येईल, हा समज दोनच वर्षांत खोटा ठरला. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीचे तंबाखू उत्पादक १९८१ च्या मार्चमध्ये महामार्गावर येऊन बसले, ते भावासाठीच. त्या एप्रिलमध्ये झालेल्या गोळीबारात शेतकरी बळी पडले. तोंडात जाणाऱ्या पानाचे काय झाले? कर आता कारखान्याच्या दारात बसला होता. ज्या तंबाखूला कारखाना नाही, छाप नाही, वेष्टन नाही, ती त्याच्या समोरून निघून जाऊ लागली. आठवडी बाजारात पोत्यावर ढीग लावून तागडीने तोलली जाणारी तंबाखू ती हीच.

करवसुलीचा एक स्वभाव असतो. जे सहज मोजता येते त्यावर त्याचे प्रेम जडते. सिगारेटीवर १९८७ पासून लांबीनुसार कर आहे. इतके मिलिमीटर म्हणजे इतका कर, असा सरळ मामला. विडी हाताने वळली जाते, घरोघर वळली जाते. म्हणून वर्षाला वीस लाखांपर्यंत विड्या करणाऱ्याला अबकारीतून सूट होती आणि ज्यांना कर लागे त्यांनाही तो नाममात्र असे. ही सवलत देताना प्रत्येक सरकारने एकच शब्द उच्चारला : गरीब. विडी वळणाऱ्या बाया गरीब आणि विडी ओढणारा पुरुष गरीब.

हा युक्तिवाद आम्ही हलका समजत नाही. सोलापूरच्या पूर्वभागातील पद्मशाली घरांत, सिन्नरमध्ये, निपाणीत, विदर्भाच्या कामठी-गोंदिया पट्ट्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रियांनी आपली मुले शिकवली आहेत. त्यांच्यासाठी १९६६ साली सेवाशर्तींचा कायदा झाला. १९७६ साली एक उपकर लावून दवाखाने, घरे आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या यांसाठी कल्याण निधी उभा राहिला. तंबाखूतून घेतलेला पैसा तंबाखूने शिणलेल्या माणसाकडे परत जाण्याचा आपल्या देशातील हा एक ठळक प्रयत्न होता. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा अनेक उपकरांबरोबर हाही रद्द झाला. तेव्हा त्याची फारशी चर्चा झाल्याचे आम्हाला आठवत नाही.

त्याच २०१७ मध्ये सिगारेट, गुटखा, जर्दा यांवर अठ्ठावीस टक्के कर आणि त्यावर भरपाई उपकर आला. विडीला उपकर लागला नाही. या भरपाई उपकराचे नाव वाचून भरपाई रुग्णांची असावी असे भोळ्या माणसाला वाटेल. ती राज्य सरकारांची होती. नव्या करपद्धतीने राज्यांचे जे उत्पन्न बुडाले ते त्यातून भरून द्यायचे होते आणि करोनाच्या काळात त्यासाठी काढलेले कर्जही पुढे त्याच उपकरातून फेडण्यात आले. सप्टेंबर २०२५ मध्ये कर परिषदेने दर पुन्हा मांडले. सिगारेट आणि चघळण्याच्या तंबाखूसाठी चाळीस टक्के ठरले. विडीचा दर अठ्ठावीसवरून अठरावर आणि तेंदूपानाचा अठरावरून पाचवर उतरवण्यात आला. तंबाखूचे हे दर १ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाले. कारण तेच. गरीब.

आता हे सारे बाजूला ठेवून आपण आमच्या अंगणातल्या सभेकडे पाहू. २०१६-१७ साली देशभर प्रौढांची तंबाखूविषयक पाहणी झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शंभरात चारही भरत नाहीत, ३.८ टक्के आहेत. तंबाखू चघळणारे, लावणारे, हुंगणारे मात्र २४.४ टक्के आहेत. म्हणजे आपला महाराष्ट्र ओढणारा नाही, चघळणारा आहे. ज्या सिगारेटीवर संसदेत दरवर्षी चर्चा झडते ती आमच्या धर्मग्रामात औषधालाही सापडत नाही. सापडते ती मशेरी. पहाटे तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांना लावायची. आई लावते, सासू लावते, नवी सून आठवडाभरात शिकते. फडावर असताना दिवसातून चार वेळा लावली जाते, कारण ती भूक मारते. यावर कुणाचे दुमत नसावे.

गुटख्याचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्राने २००२ साली गुटखा बंद केला. राज्याला तसा अधिकार नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ती बंदी रद्द ठरवली. पुढे अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याच्या आधारे जुलै २०१२ पासून ती पुन्हा आली आणि वर्षावर्षाने वाढवली गेली. त्या बंदीमुळे उघड टांगलेल्या माळा गेल्या, हे मान्य केले पाहिजे. पण आमच्या गावातील बारा वर्षांच्या पोराला पुडी कुठे मिळते ते विचारा, तो बोट दाखवील. त्या पुडीवर सरकारला करही मिळत नाही. जहांगिराची आठवण होते.

रुग्ण कुठे जातात? तोंडात पांढरा चट्टा आला, तोंड उघडेनासे झाले, की माणूस आधी जडीबुटीवाल्याकडे, मग अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयात आणि तेथून बहुधा बार्शीला जातो. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, आमच्या दक्षिण सीमेपासून फार दूर नाही. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. त्यापूर्वी कर्करोग हा शहरातला आजार, असे म्हणणारे डॉक्टर आम्हाला भेटले आहेत. खेड्यात तो नव्हता असे नाही. तो मोजला जात नव्हता.

आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी तीन वर्षांपूर्वी बार्शीला गेली. नाव सांगत नाही. गाल आणि जबड्याचा काही भाग काढावा लागला. शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी योजनेतून झाला. पण फेऱ्या, राहणे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि पातळ आहार यांसाठी नवऱ्याने मुकादमाकडून पुढच्या दोन हंगामांची उचल घेतली. एका कोयत्याला दोन माणसे लागतात. पत्नी फडात उतरू शकत नव्हती, म्हणून चौदा वर्षांची मुलगी शाळा सोडून गेली. तंबाखूवरील कर गरिबाला बोजा होतो, हे वाक्य आम्ही ऐकतो तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे ती मुलगी येते. तंबाखूजन्य आजारांपायी देशाला २०१७-१८ या एका वर्षात पस्तिशीच्या वरच्या माणसांपुरते १ लाख ७७ हजार कोटी रुपये मोजावे लागले, असा अंदाज अभ्यासकांनी काढला आहे. त्या मुलीची शाळा या आकड्यात कुठेतरी असेल.

म्हणून कर वाढवावा की नाही, या प्रश्नाला आमचे उत्तर 'वाढवावा' असेच आहे, आणि तो विडीवरही वाढवावा. किंमत वाढली की श्रीमंतापेक्षा गरीब माणूस आणि प्रौढापेक्षा पोरगे लवकर हात आखडते, हे अनेक देशांच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. गरिबावर दया म्हणून त्याची तंबाखू स्वस्त ठेवायची, याचा अर्थ श्रीमंताच्या फुप्फुसाची काळजी घ्यायची आणि गरिबाच्या जबड्याची घ्यायची नाही, असा होतो. परंतु त्या गृहस्थांचा दुसरा प्रश्न उरतोच, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. घेतलेला पैसा कधी परत आला? ज्याची सवय सुटणार नाही त्याच्या घरात तंबाखू महागली तर ज्वारी कमी येईल, हेही खोटे नाही. त्याच्याकडून घेतलेला रुपया जर तिजोरीत मिसळून नाहीसा झाला, तर जेम्सच्या आणि पोपराज्याच्या वाटेनेच आपण चाललो आहोत. खजिन्याला चटक लागली की तंबाखू संपावी असे खजिन्याला वाटत नाही.

या बाबतीत कॅथॉलिक फिलिपीन्स देशाचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथे स्पॅनिश सरकारने १७८२ पासून १८८२ पर्यंत शंभर वर्षे तंबाखूची मक्तेदारी चालवली. शेतकऱ्याने किती लावायची, कुणाला विकायची, सारे सरकार ठरवी. त्याच देशाने २०१२ साली तंबाखू आणि दारूवरील कर एकदम वाढवणारा कायदा केला आणि कायद्यातच लिहून ठेवले की, वाढीव उत्पन्नाचा मोठा हिस्सा गरिबांच्या आरोग्यविम्यासाठी जाईल. तंबाखू पिकवणाऱ्या प्रांतांचा वाटाही राखला. २००९ साली तेथील २८.३ टक्के प्रौढ धूम्रपान करीत, २०१५ साली ते प्रमाण २२.७ टक्क्यांवर आले. विम्याच्या आधाराने रुग्णालयाची पायरी चढणारी गरीब कुटुंबे वाढली ती वेगळीच.

यासाठी फिलिपीन्सला जाण्याचीही गरज नाही. वडीलधाऱ्या वाचकांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. बीड जिल्ह्यात तेव्हा माणसे खडी फोडून जगली. त्या कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्यासाठी महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कर बसवला. मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जात आणि त्या उत्पन्नात तितकीच भर घालून शासन तो पैसा आमच्याकडच्या बांधबंदिस्तीवर, पाझर तलावांवर, रस्त्यांवर खर्च करी. कुणाकडून घ्यायचे आणि कुणाला द्यायचे, हे कायद्यात लिहिलेले होते. निधी पुरेपूर खर्च होत नाही, अशी टीका पुढे झाली. ती होऊ शकली, कारण निधी वेगळा मोजता येत होता. तो हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. सुमारे पाच आठवड्यांनी तंबाखूच्या पानावरील कर उठला. एकाच हिवाळ्यात मुंबईने एक दार उघडले आणि दिल्लीने दुसरे बंद केले. त्या दोन गोष्टींची सांगड घालण्याचे तेव्हा कुणाला सुचले नाही. आता सुचायला हरकत नसावी.

आम्ही निवेदन नव्याने लिहिले. आधीच्या कागदावर केवळ करवाढीची मागणी होती. नव्या कागदावर आणखी तीन ओळी घातल्या : विडीला वेगळी सवलत नको, मोकळी तंबाखू विकणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामातच कर आकारला जावा, आणि या जिल्ह्यातून जमणारी वाढीव रक्कम तोंडाच्या तपासणीसाठी, बार्शी-अंबाजोगाईच्या फेऱ्यांसाठी आणि विडी सोडून दुसरे काम शोधणाऱ्या स्त्रियांसाठी वेगळी मोजली जावी. दुसऱ्या रविवारी तो कागद त्या गृहस्थांना आम्ही प्रथम वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितला. मग विचारले, "वेगळा मोजला, हे आमाला कोण दाखवंल?"

आम्ही म्हटले, "दादा, ग्रामसभेत दरवर्षी आकडा वाचून दाखवावा, असे लिहू का?"

"लिवा," ते म्हणाले. आम्ही तेथेच, बाकावर कागद ठेवून, चौथी ओळ लिहिली. त्यांनी चंची कमरेला खोचली, शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर उठवला. त्यांच्यानंतर त्या दिवशी एकेचाळीस अंगठे पडले.